गोठ्याचे शिफारसपत्र

गौरी जेवल्या त्या दुपारी निमशांच्या ओटीवर चार माणसे खाली बसली होती आणि एक कागद पाटावर. कागदाला पाट सावळारामांनी दिला होता. सापगावचे सरपंच झाल्यापासून छापील कागद ते जमिनीला टेकू देत नसत, आणि हा तर अमेरिकेहून आलेला. त्याला हळदकुंकू वाहिले नव्हते, इतकेच.

"वाच," ते पुतण्याला म्हणाले. "पुन्ना वाच. यमाला समजला नाय."

खांबाला टेकून बसलेल्या धाकट्या भावाला, यमाजीला, पहिल्याच वाचनात समजले होते. आपला एकुलता एक मुलगा दोन वर्षांसाठी जातो म्हणतोय, म्हणजे परत येणार नाही. पण निमशांच्या घरात समजण्याचे काम थोरल्याचे आणि न समजण्याचे धाकट्याचे. जमिनीची वाटणी अजून झाली नव्हती. ही मात्र वडील असतानाच झाली होती.

गुणाजीने पुन्हा वाचले. दोन वर्षांचा पुढचा अभ्यासक्रम, वास्तुकला आणि भोवतालची रचना. फी विद्यापीठ सोसणार. नकाशे पोचले होते, परीक्षेचे गुण पोचले होते, मास्तरांची पत्रेही पोचली होती. आता एकच पान उरले होते. अर्जदाराने प्रत्यक्ष उभारलेली एखादी वास्तू जो रोज वापरतो, त्याचे मत. त्याच्याच भाषेत, त्याच्याच शब्दांत. खाली सही किंवा अंगठा.

"उद्या सकाळी शहापूरच्या टपालात पडलं पाहिजे, आबा," गुणाजी थोरल्या काकांना म्हणाला. "पुढच्या वर्षी मला तिसावं लागतंय. तिशीनंतर घेत नाहीत."

मुंबईत पाच वर्षे काढून गुणाजीने वास्तुकलेची पदविका मिळवली, तेव्हा शहापूरच्या नाक्यापासून सापगावपर्यंत त्याची बैलगाडीतून मिरवणूक निघाली होती, हे सगळ्या तालुक्याला माहीत होते. माहीत नव्हते ते असे, की त्यानंतर तो फोर्टातल्या एका कचेरीत जिने काढत होता. नुसते जिने. इमारत दुसरा कोणी काढी, दारे-खिडक्या तिसरा, आणि गुणाजीपुढे कागद येई तो जिन्याची जागा मोकळी ठेवून. आतापर्यंत त्रेसष्ट जिने झाले होते. त्यांतला एकही तो स्वतः चढला नव्हता.

"पण शिकायचा काय उरलाय तुझा?" राहीने विचारले. राही म्हणजे त्याची मुरबाडला दिलेली आत्या. "घर बांधायला शिकलास ना?"

"घर शिकलो, आत्या. आता घराच्या भोवतालचं शिकायचं. ऊन कुठून येतं, वारा कुठून, पाण्याचा उतार कसा, आणि या सगळ्यात माणूस कसा राहतो."

"आमच्या भोवताली उकिरडा हाय," यमाजी म्हणाला.

"तोही येतो त्यात, बाबा."

भाचा अमेरिकेला चालला, हे राहीने मुरबाडात भांड्यांच्या दुकानापासून कोर्टाच्या पायरीपर्यंत सांगून ठेवले होते. उकिरड्याचे सांगितले नव्हते. आता सांगण्यात अर्थही नव्हता.

"प्रश्न सोपा हाय," सावळाराम म्हणाले. "गुणाने उभारलेली वास्तू एकच. आपला गोठा. गोठा कोणाचा? माझा. तवा मत माझा." त्यांनी कोपरीच्या खिशातून घडी काढली. दाखला सकाळीच लिहून ठेवला होता.

"दाखला देण्यात येतो की, मौजे सापगाव येथील गोठा हा सरपंच श्री. सावळाराम निमसे यांच्या प्रेरणेने, त्यांच्या मार्गदर्शनाखाली उभारला गेला असून त्यांच्याच शुभहस्ते उघडण्यात आला. गोठ्यात हवा व उजेड मुबलक असून गुरे समाधानी आहेत. श्री. सावळाराम यांचे नेतृत्व सर्व थरांत मान्य आहे. सबब दाखला दिला असे."

"यात गुणा कुठं हाय?" यमाजीने विचारले.

"गुरांच्या आधी घालता येईल," सरपंच उदारपणे म्हणाले.

जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी शहापुरात त्यांच्या खेपा चालू होत्या. अमेरिकेने आपला दाखला ठेवून घेतला आहे, हे वाक्य तालुक्याच्या बैठकीत कसे टाकायचे, ते त्यांचे पाठ होते.

राही थोरल्या भावाशी तीन वर्षे बोलत नव्हती. आईचे जाते सापगावात राहावे की मुरबाडला जावे, यावरून फाटले होते. जाते सापगावातच राहिले आणि त्यावर आता कोणी दळत नव्हते. तेव्हापासून ती त्यांच्याशी तिसऱ्याच्या तोंडून बोले. "यमा, त्यांना इचार, ते गोठ्यात शेवटचे कधी गेलेत?"

यमाजीने विचारण्याची गरज नव्हती. मध्ये दोन हातांचे अंतर होते.

"तिला सांग," सावळाराम म्हणाले, "फीत कापायला गेलो व्हतो."

"एकसष्टच्या मे महिन्यात," गुणाजी हळूच म्हणाला. "आबा, ते लिहितात रोज वापरणारा. दूध काकी काढते."

मग लहानीला हाक गेली.

लहानी म्हणजे सरपंचांची बायको. गुणाजी चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि त्यानंतर त्याच्या अंगावर लहानीच्या हातचे कपडे आणि पाठीवर लहानीच्या हातचे धपाटे पडत आले. आमच्याकडे गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष नैवेद्य असतो, तेव्हा ती आली ती पदराला चिंबोऱ्यांचा वास घेऊनच. सरपंचांनी दाखला पुढे केला आणि शाईची गादी उघडली.

"अंगठा लाव. तुझ्या नावानं करतो."

"काय लिवलंय?"

"तुझाच मत."

"मग वाचून दाव की. माझा मत काय हाय ते मला तरी कळू दे."

गुणाजीने वाचून दाखवले. हवा मुबलक येथवर ती ऐकत राहिली. उजेड मुबलक येथे तिने पदर तोंडाला लावला. गुरे समाधानी या शब्दांवर तिला हसू आवरेना, आणि ओटीवर कोणालाच काय झाले ते कळेना.

"असा मी बोलले नाय," ती डोळे पुसत म्हणाली.

"बोल्लीस नाय तर आता बोल! अंगठा लावणं म्हंजे बोलणंच!"

"लावते की. पण मी बोलले त्यावर." आणि चुलीवरचे उतू जाईल म्हणून ती आत गेली.

सरपंचांच्या घरात शाईची गादी उघडून कोणी अंगठा लावल्याशिवाय परत गेल्याचा हा पहिलाच प्रसंग. सावळाराम गादीकडे बघत राहिले. गावात अंगठे मिळवण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता.

यमाजीला मात्र एकाएकी बरे वाटू लागले. वैनीच्या मनात गोठ्याविषयी काहीतरी आहे, आणि ते चांगले नाही. ते तसेच अमेरिकेला गेले तर अमेरिका गुणाला घेणार नाही. अमेरिकेने घेतले नाही तर गुणा जिने काढत राहील, दिवाळीला येईल, मे महिन्यात येईल. मुलाच्या जिन्यांचा यमाजीला पहिल्यांदाच आधार वाटला.

"माणसानं खरं ते लिवावं," तो म्हणाला.

यमाजीने आपणहून वाक्य बोलणे ही निमशांच्या घरात दुर्मीळ गोष्ट. राहीने त्याच्याकडे रोखून पाहिले. तिला वाक्य कळले नाही, पण त्यामागचा बाप कळला. तिने पदर खोचला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा थोरल्या भावाकडे तोंड केले.

"दादा, तुमचाच कागद जाऊ दे. वैनीला मी बघते."

"राही!" म्हणत सावळाराम सरकून तिच्या बाजूला बसले. जात्याचे भांडण अमेरिकेने मिटवले.

पाचाच्या सुमाराला पावसाची सर जोरात आली. दूध काढायची वेळ झाली होती. गुणाजी डोक्यावर पोते घेऊन गोठ्यात गेला.

इथे गोठ्याविषयी सांगितले पाहिजे. जुन्या वेळूच्या गोठ्यात काकीला वाकून शिरावे लागते, म्हणून पदविका मिळाल्याबरोबर गुणाजीने तो तिच्यासाठी बांधला. आराखडा त्याने परीक्षेसाठीच काढलेला, एका विलायती पुस्तकावरून. त्या देशात गुरांना थंडी वाजते म्हणून दक्षिणेला आठ फुटी खिडकी, ऊन आत यावे म्हणून वळचण आखूड, आणि स्वच्छतेसाठी गुळगुळीत सिमेंटचा कोबा. नकाशावर गव्हाणीजवळ हॅट घातलेला, हातात काठी घेतलेला एक गृहस्थ उभा होता. माणसाच्या मानाने इमारत केवढी, ते कळावे म्हणून नकाशात माणूस काढतात. परीक्षकांनी त्या गृहस्थाचे फार कौतुक केले. सापगावात असा माणूस कधी आला नाही.

कचेरीतून रजा मिळे ती दिवाळीला आणि मे महिन्यात. आपली वास्तू गुणाजीने पावसात आज पहिल्यांदा पाहिली.

आधी ती दिसलीच नाही. आत अंधार होता आणि एक कंदील. आठ फुटी खिडकीला कारवीच्या काठ्यांचा, शेणाने लिंपलेला कूड गच्च बांधला होता. त्याच्या कडेने झड आत शिरत होती. कोब्यावर राखेचा थर होता. लहानी चांदी नावाच्या म्हशीखाली बसली होती, आणि दाराकडून येणारा एक ओघळ तिच्या पायाशी वळण घेत होता.

"काकी, हा कूड कधी बांधलास?"

"फीत कापली त्या पावसात."

"पण मी दर दिवाळीला बघतो तर..."

"सोडते ना." चांदीच्या आचळावरचा हात थांबला नाही. "तू यायच्या आदल्या दिशी सोडते. गेलास की बांधते. या टायमाला तू सांगून आला नायस."

गुणाजी दोन पावले पुढे आला आणि राख नसलेल्या जागी पाय पडून धाडकन बसला.

"तिथंच," लहानी म्हणाली. "चांदीपण तिथंच पडली व्हती."

तो उठला नाही. ओल्या कोब्यावर तसाच बसून राहिला. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कधी? आलास की फूटपट्टी काढायचास नि भिंतीला इचारायचास." मग जरा मऊ आवाजात, "पयल्यांदा काय तरी बांधलं व्हतंस रे. शेजारणी बघायला येत. त्यांच्यापुढं काय सांगू?"

गुणाजीने खिशातला कागद काढला, पोत्याखाली धरला. "बोल. लिहितो."

"हे? हे लिवलंस तर तुला घेतील काय?"

"बहुतेक नाही."

"मग?"

"मग काय लिहू? जिने चढणारांना विचारायला गेलो तर याहून वाईट निघेल."

लहानीने दुधाचे भांडे बाजूला ठेवले. तिला त्याने जावे असे वाटत नव्हते. त्याने राहावे असेही वाटत नव्हते. राहून तो मुंबईत असणार, आणि मुंबईचा गुणा दर खेपेला थोडा कमी होऊन येत होता, हे तिने कपड्यांच्या मापावरून ओळखले होते. पण तिला कोणी ते विचारले नव्हते. विचारले होते गोठ्याचे. तेव्हा तिने गोठ्याचे सांगितले.

दिवेलागणीला ते ओटीवर वाचले गेले.

"मी लहानी सावळाराम निमसे. या गोठ्यात मी रोज दोन येळा जाते. गोठा दिसायला बरा हाय. उन्हाळ्यात चांगला. पावसात खिडकीतनं झड येते, म्हशी मागून भिजतात, म्हणून मी कूड बांधला. कूड बांधला तर अंधार झाला, म्हणून दिवसा कंदील लावते. वळचण आखूड हाय, भिंत ओली ऱ्हाते. कोबा गुळगुळीत हाय, चांदी पडली, पाय जायचा वाचला. मी राख टाकते. मोरी उताराच्या उलट हाय, मूत दाराकडं येतं, ते मी खराट्यानं वर ढकलते. खिडकी उत्तरेला असती तर येवढा काय झाला नसता. पोरगा वाईट नाय. त्याला इचारायचा सुचला नाय."

सावळारामांनी कागद मागून घेतला आणि एका शब्दावर बोट ठेवले.

"अमेरिकेला," सावळाराम सावकाश म्हणाले, "म्हशीचा मूत लिवून धाडणार?"

"त्यांना खराच पायजे, आबा."

"खऱ्याचे परकार असतात! मी धा वरसं गावाला खराच सांगत आलोय, पण असा नाय!"

राही उठली. "ऐक गुणा. गौरीच्या दिवसांत या घरात माहेरवाशिणीचा शब्द कोण मोडत नाय. आजीच्या वेळेपास्नं चालत आलंय. माझा शब्द असा, की दादांचा कागद जाईल. मला मुरबाडात तोंड दावायचं हाय."

हे अस्त्र तिने जात्याच्या वेळी वापरले नव्हते, कारण तेव्हा गौरी नव्हत्या. यमाजीने आशेने मुलाकडे पाहिले, मुलाने कागदाकडे.

"वन्सं," लहानी दारातून म्हणाली, "माहेरवाशीण मीबी हाय. खर्डीची. तीन वरसं गौरीला गेले नाय."

"का नाय गेलीस? कुणी अडवलं?"

"त्या कोब्यानं. दुसऱ्या कुणाच्या हाती म्हशी द्यायच्या तर राख कुठं टाकायची ते म्हाईत नको? चांदीचा पाय मोडला तर? आईनं दोन वरसं वाट बघितली. तिसऱ्या वरसाला बघायला ती नव्हती."

आई गेल्याचे सगळ्यांना माहीत होते. सरपंचांनी खर्डीला हारसुद्धा नेला होता. पण तिची गौरीची वाट आपल्या गोठ्यात अडकली होती, हे ओटीवरच्या चौघांतल्या एकालाही माहीत नव्हते. राही खाली बसली.

गुणाजीने पेन उघडले. "हेही लिहू?"

"लिव. पण रडक्यासारखं नको. सरळ लिव."

त्याने सरळ लिहिले. एकच ओळ वाढली.

"वैनीचंच जाऊ दे," यमाजी म्हणाला. आवाजात जरा जास्तच उत्साह होता.

लहानी त्याच्याकडे वळली. "भावजी, तुमी माझ्या बाजूनं नाय. पोरगा जाऊ नये म्हणून तुमी खऱ्याच्या बाजूनं हाय. तसा उघड बोला की त्याला. येवढा मोठा झाला, बाप जा म्हणतो की ऱ्हा म्हणतो ते त्याला एकदा तरी कळू दे."

यमाजी उठला आणि त्याने खुंटीवरची छत्री काढली.

"छत्री घेऊन जा उद्या," तो मुलाला म्हणाला. "कागद भिजंल."

लहानीने अंगठा शाईत बुडवला आणि ओळीखाली असा टेकवला, की रेषा न् रेषा उठली. कागद घडी होणार, एवढ्यात सावळारामांना राहवले नाही.

"निदान शिक्का तरी मारू दे," ते म्हणाले.

आणि अशा रीतीने गोठ्याची खिडकी चुकली, वळचण चुकली, मोरी चुकली, या साऱ्यावर ग्रुप ग्रामपंचायत सापगावचा गोल शिक्का बसून पत्र अमेरिकेला गेले.

उत्तर चैत्रात आले. गुणाजी ते घेऊन स्वतः आला. या खेपेला आधी कळवून आला होता, तरी खिडकीचा कूड जागेवर होता.

पुन्हा पाट, पुन्हा ओटी. राही मुरबाडहून मुद्दाम आलेली.

"प्रवेश मिळाला," गुणाजी म्हणाला.

सावळारामांनी मांडीवर थाप मारली. "शिक्का! मी म्हटला नव्हता?"

"पण ते म्हणतात, सोबतचं मत समितीनं दोनदा वाचलं. अर्जदाराला नकाशा काढता येतो, पण विचारता येत नाही. म्हणून दोन वर्षांच्या वर्गात बसण्याआधी त्यानं एक वर्ष पायाच्या वर्गात बसावं. नवशिक्यांबरोबर."

"म्हंजे किती झाली?" यमाजीने विचारले.

"तीन, बाबा."

यमाजी मनाशी हिशेब करत राहिला. खऱ्याच्या बाजूने तो आयुष्यात एकदाच उभा राहिला होता, आणि त्याचे त्याला एक वर्ष जास्त पडले.

"तीन म्हंजे दोनापरीस मोठी डिग्री असंल," राहीने ठरवून टाकले. मुरबाडात हे सांगण्यासारखे होते.

लहानी उंबऱ्यात बसून दूध गाळत होती. गुणाजी तिच्याकडे बघत होता. ती काही म्हणेल म्हणून सगळेच थांबले. तिने फडके पिळले, झटकले, आणि भांड्यावर झाकण ठेवले.

"दाराचं तर मी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर चार लागली असती."